मायच्या लुगड्यांसाठी घेतलेली मशीन

आमच्या गल्लीत कुणाला धुण्याची मशीन घ्यायची असली की आधी माझ्या दाराशी येतात. "काकू, तुमची इतकी वर्षं चालली, आम्ही कोणती घ्यावी?" मी सगळं सांगते, काही हातचं राखत नाही. सेमी घ्या, फुल ऑटोमॅटिकच्या नादी लागू नका. पत्र्याची बॉडी घेऊ नका, इथलं बोअरचं खारं पाणी पत्रा खाऊन टाकतं. गोल फिरवायचं बटण घ्या, लाईटवालं टचचं नको, लाईट गेली-आली की ते पहिलं मरतं. माझी मशीन अजून एकदाही दगा देऊन बसली नाही, हेही सांगते. माणसं खूश होऊन जातात. मग मी दार लावून घेते अन् दाराशीच उभी राहते. नवरा विचारतो, काय झालं. काय व्हायचंय, म्हणते, भाजी फोडणीला टाकायचीय.

माझी माय माझ्या घरात राहावी, एवढ्यासाठी ती मशीन आणली होती. दुसरं काही कारण नव्हतं. आमचे दोघांचे कपडे ते किती, मी हातानं धूत होते आणि हातानंच धुतले असते.

माझं माहेर बिडकीनच्या पलीकडं. भाऊ एकच, थोरला. तिकडची जमीन कारखान्यांसाठी गेली तशी सगळ्या गावानं स्लॅबची घरं बांधली, तशी त्यानंही बांधली. फरशी अशी गुळगुळीत की माय भिंत धरून चालायची. त्याच सुमाराला मायचा लघवीवरचा ताबा गेला. म्हातारपणी होतं, कुणाचंही होतं. पण भावजयीला नव्या फरशीवर वास नको होता. मी पंचमीला माहेरी गेले तर मायची बाज घरात दिसेना. मागं पत्र्याच्या खोलीत निघाली, जिथं आधी बैलं बांधायचे.

माझ्या डोक्यात सणक गेली. भाऊ ओट्यावर बसून फोनवर बोलत होता. मी तिथंच त्याला म्हणलं, "दादा, बैलं विकली तवा गोठा मोकळा झाला, म्हणून मायला बांधली व्हय तिथं?"

त्यानं फोन कानावरून काढला. "तुला लई पुळका आलाय तर ने की."

"नेतेच," म्हणलं.

आणि आणली. भांडणाच्या तावात आणली हे खरं, पण त्या तावाचा मला आजही पस्तावा नाही. माय सगळ्या रस्त्यानं पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटलं, लेकानं काढून दिली म्हणून रडतीय. चिकलठाण्याला, आमच्या घरापाशी उतरताना म्हणाली, "बाई, लेकीच्या दारात म्हातारपण काढायची पाळी यावी, असं मी काय केलंतं गं?" मी म्हणलं, "लेकीचं दार म्हंजी काय भिकेचं दार हाय का?" ती गप बसली. म्हाताऱ्या माणसाच्या गप बसण्याला आपण होकार समजतो.

आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतो. माझा नवरा तिला मामी म्हणायचा, आणि ती त्याच्याशी सरळ कधी बोलायचीच नाही. "पाव्हण्यांना विचार, च्या घेतेत का," असं मला सांगायची, तो समोर बसलेला असताना. तो खोलीत आला की ती बाजेवरून उठून खाली बसायची, गुडघे कुरकुरत असले तरी. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायची. नवरा हसायचा. त्याची कंपनी बंद पडली होती, तो घरीच असायचा, स्वभावानं गरीब माणूस. म्हणायचा, "मामी, मी काय परका आहे का?" तिच्या लेखी तो परकाच होता. परका नव्हे, पाव्हणा, आणि पाव्हण्याच्या घरात आपण पडून आहोत, हे तिला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं.

आता पाण्याचं सांगते, ते सांगितल्याशिवाय मशीनचं कळायचं नाही. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. आलं की घरातलं झाडून सगळं भरायचं, टाकी, ड्रम, घागरी, कुकरसुद्धा. मधल्या दिवसांत बोअरचं खारं पाणी, ते उन्हाळ्यात आटलं की टँकर. मी कंपन्यांतल्या एकट्या पोरांचे डबे करते, तेव्हाही करायचे. म्हणजे भांडी आली, पीठ मळणं आलं, भाजी धुणं आलं. घरात पाण्याचा हिशेब बाईच्या डोक्यात असतो, पाहुणा कुणी मोठ्ठा ग्लास भरून मागितला तरी नजर जाते. माझीही जायची, कशाला खोटं बोलू.

माय तिची लुगडी माझ्या हाती लागू द्यायची नाही. पहाटे आम्ही उठायच्या आत मोरीत बसून इवल्याशा पाण्यात धुवायची, आणि गच्चीवर टाकीच्या मागं, कुणाला दिसणार नाही असं, वरून माझी जुनी साडी पसरून वाळत घालायची. मी डायपर आणून पाहिले. उकाड्यानं तिची मांडी सोलून निघाली, ते सोडावे लागले. धुण्याला बाई लावली, तिनं लुगड्याचा वास घेतला आणि हे मी धुणार नाही म्हणाली. तिचं तरी काय चुकलं.

एक दिवस मी डबे पोचवायला गेले होते आणि माय मोरीत पाय घसरून पडली. मनगट मोडलं. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, मधे एक भिंत. हाक मारली असती तर तो धावला असता. म्हणूनच तिनं हाक मारली नाही. लुगडं ओलं, अंगावरून सुटलेलं, अशी ती मी येईपर्यंत तिथं पडून होती. मी दार ढकललं तर म्हणाली, "हळू बोल. पाव्हणं हायेत बाहेर."

हाताला प्लास्टर बसलं आणि लुगडी माझ्याकडं आली. सकाळी भाकऱ्या, पोळ्या, दोन भाज्या, त्यात ते धुणं. नऊवार लुगडं ओलं झालं की दोन माणसांनी पिळायचं असतं. माझी कंबर गेली. मी चिडचिड करायला लागले, आणि चिडचिड झाली की माय भिंतीकडं तोंड करायची. नवराच म्हणाला, "मशीन घेऊ. रोज मामीचा जीव घेण्यापेक्षा मशीन घेऊ."

घ्यायची तर अशी की पुन्हा डोक्याला ताप नको. मी कामाला लागले. मशीन असलेल्या घराघरांत जाऊन आले. समोरच्या शेजारणीकडं फुल ऑटोमॅटिक होती, तिच्यावर फुलांचं कव्हर आणि कव्हरवर लोणच्याच्या बरण्या. म्हणलं, "वापरत नाही का?" ती म्हणाली, "ताई, हिला चालू नळ लागतो. टाकीच्या पाण्याला जोर नाही. मधेच पाणी संपलं तर दार लॉक करून बसते. ह्यांचा कंपनीचा ड्रेस आत अडकला होता, पाणी येईस्तवर साबणात कुजला." आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुण्या-मुंबईच्या माणसांनी पुण्या-मुंबईच्या नळांसाठी केलेली ती वस्तू. दुसऱ्या एकीची समोरून दार असलेली होती, जड, महाग, आणि खाऱ्या पाण्यानं आतली कॉइल पांढरी पडून जळालेली. तिसरीची पत्र्याची, खालून सगळी गंजलेली, विटेवर उभी केलेली. मी प्रत्येकीचं झाकण उघडून आत हात घालून पाहिला. लोकांना वाटलं असेल, बाईला वेड लागलंय.

मग उस्मानपुऱ्यात एका दुकानात गेलो. मी मायलाही नेलं, रिक्षात घालून, प्लास्टरच्या हातासकट. तिनं पाहावी, हात लावावा, ही माझ्यासाठी आहे असं तिला वाटावं, असा माझा विचार. आणि पिशवीत तिचं एक धुतलेलं लुगडं घेतलं होतं.

दुकानातला पोरगा मोठा बोलका. "आंटी, ये वाली लेओ, फुल ऑटोमॅटिक. बटन दबाव और आराम से सो जाव." मी म्हणलं, "झोपायचं नंतर बघू. आधी नळाचं सांग." त्याला नळाचं विचारलं की तो रंगांकडं वळायचा. मी सरळ सेमीकडं गेले. दोन टब, एकात धुवायचं, एकात पिळायचं. वरून बादलीनं पाणी ओतता येतं. खळबळलेलं पाणी खालून पाईपानं बादलीत धरता येतं, संडासात टाकायला होतं. बॉडी प्लास्टिकची. बटणं करकर वाजणारी, साधी. दुरुस्तीचा माणूस शहरातलाच.

मी पिशवीतून लुगडं काढलं आणि टबात सोडलं. पोरगा बघतच राहिला. "ये क्या आंटी?"

"नऊवार आहे. ह्यात मावलं पाहिजे, खालच्या चक्राला गुंडाळून फाटलं नाही पाहिजे. चालवून दाखव."

त्यानं मालकाला विचारून मशीन चालवली, थोडं पाणी घालून. लुगडं फिरलं, उलटं फिरलं, सुटं राहिलं. दुकानातली माणसं गोळा झाली. मायनं पदर पार नाकापर्यंत ओढला. माझं तिच्याकडं लक्ष नव्हतं, माझं चक्राकडं लक्ष होतं.

"पाणी किती पिते?" मी विचारलं.

पोरानं टबाच्या आतली रेघ दाखवली. "यहाँ तक, आंटी."

तोवर एक शब्द न बोललेली माय जवळ आली. वाकून तिनं ती रेघ बघितली. बोट लावून बघितली. "एवढं? एका लुगड्याला?"

"आणि खळबळायला परत तेवढंच," मी म्हणलं. ती सरळ झाली आणि परत जाऊन स्टुलावर बसली.

पोरगा शेवटचं म्हणाला, "आंटी, सोच लेओ. सेमीमें एक आदमी खडा रहना पडता. पानी डालो, निकालो, उधर से इधर डालो." मी त्याला उडवून लावलं. म्हणलं, "आमच्याकडं माणसं आहेत रे बाबा, पाणीच नाही." मालकसुद्धा हसला. मीही स्वतःवर खूश होते. इतकी पारखून घेतलेली वस्तू सगळ्या गल्लीत कुणाकडं नव्हती.

आणि मशीन खरंच चांगली निघाली. तिच्यात काहीही खोट नव्हती.

पण जवळ उभं कोण राहणार? सकाळी माझे हात पिठात. घरात रिकामा माणूस एकच. नवऱ्याला तर ती मशीन म्हणजे बंद पडलेली कंपनीच परत मिळाली. सकाळी चहा झाला की लुंगी खोचून उभा राहायचा. ड्रममधून बादल्या भरायचा, ओतायचा, कान लावून आवाज ऐकायचा, पाईप साफ करायचा. मायच्या बाजेखाली मी बादली ठेवली होती ओल्या लुगड्यांसाठी. तो ती स्वतः उचलून न्यायचा. नाक मुरडलं नाही की तोंड वाकडं केलं नाही. उलट म्हणायचा, "मामी, लाजू नका. कंपनीत आयुष्यभर घाणेरड्या तेलात हात घातलेले आहेत मी." तो देवमाणूस आहे, आणि तेच नडलं.

माय मला हळूच म्हणाली, "बाई, तू धू की गं. त्यांना कशाला?"

"मला टाईम कुठंय माय? पोळ्या कोण लाटंल?" मी म्हणलं. "अन् ते कुठं धुतेत? मशीन धुती."

"व्हय," ती म्हणाली. "मशीनच धुती."

तो बादली न्यायला खोलीत आला की ती डोळे मिटून घ्यायची. झोपल्याचं सोंग. मला ते दिसत होतं, पण मी म्हणलं, होईल सवय. माणसाला कशाचीही सवय होते, असं आपण दुसऱ्याच्या बाबतीत फार लवकर म्हणतो.

थोड्या दिवसांनी बादलीतली लुगडी कमी झाली. आधी सकाळी बादली काठोकाठ भरलेली असायची, मग अर्धी, मग कधी कधी एखादंच लुगडं. मला कोण आनंद झाला. मला वाटलं, मायला गुण आला. जागा कोरडी राहिली, मन शांत झालं, म्हणून ताबाही आला असेल. मी गल्लीत सांगत सुटले, मशीन आल्यापासून आमच्या म्हातारीची तब्येतच सुधारली. भावाला फोन करून सांगितलं, मुद्दाम, लागावं म्हणून. "गोठ्यात होती तवा आजारी होती, इथं बघ कशी हाय," म्हणलं.

उन्हाळा चढला होता. ती दिवसभर पडून असायची, बोलायची कमी. ओठ वाळलेले. ताक दिलं तर "नको, पोट भरलंय". चहा अर्धा टाकायची. बाजेशी मी सकाळी पाण्याची लोटी भरून ठेवायचे, संध्याकाळी ती रिकामी असायची, म्हणून मला शंका आली नाही. नंतर नवऱ्यानं सांगितलं, दुपारी ती भिंत धरत धरत जाते आणि लोटी माठात परत ओतून येते, हे त्यानं एकदोनदा बघितलं होतं. त्याला वाटलं, गरम झालेलं पाणी बदलून घेत असेल.

एका दुपारी तिनं मला ओळखलं नाही. मला तिची बहीण समजली, जी मी जन्मायच्या आधी गेली होती, आणि कुठल्या तरी विहिरीवर चल म्हणायला लागली. जीभ लाकडासारखी. आम्ही दोघांनी उचलून रिक्षात घातली. दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं मायच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पाणी देत नव्हता का तुम्ही ह्यांना? किडनीवर आलंय."

देत नव्हता का! मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. मी काय उत्तर देणार होते? आमच्याकडं पाण्याची टंचाई आहे म्हणून?

सलाईन चढलं, मायला शुद्ध आली. नवरा औषधं आणायला गेला होता. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "माय, पाणी का सोडलंस?"

तिनं आधी दाराकडं बघितलं, तो आसपास आहे का ते. मग म्हणाली, "पाणी पिलं की लुगडं भिजतं. लुगडं भिजलं की पाव्हणं उठतेत."

"मग उठूदे की."

"बाई, धोंड्याच्या महिन्यात ज्याला पाटावर बसवायचं, ज्याचं पाय धुवायचं, त्याच्या हातात माझं मुताचं लुगडं. रोज. मी बाजेवर पडून त्यांच्या बादलीचा आवाज आयकते. अन् ते पाणी किती. म्या पाह्यली ती रेघ. आठवडाभर तुम्ही थेंब थेंब करता, अन् माझ्या एका लुगड्यापायी... मला मेल्याहून मेल्यावानी होतं."

"अगं, कोणच्या जमान्यात हाईस तू?" मी ओरडलेच. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"जमाना तुमचा," माय म्हणाली. "लाज माझी हाय."

घरी आणल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही, माझं मी बघीन. तो बरं म्हणाला. पण सकाळी लुंगी खोचून उठला, मशीनपर्यंत गेला आणि परत येऊन पेपर घेऊन बसला. त्याचं तोंड बघून मला रडू आलं. त्याचं काय चुकलं होतं? माझे डबे उशिरा जायला लागले, दोघा-तिघा पोरांनी दुसरीकडं डबा लावला. ते सोसलं असतं मी. पण मायचं पाणी काही सुरू होईना. मी लोटी घेऊन तिच्यापुढं उभी राहायचे, लहान लेकरासारखं पाजायचे. ती तोंडात धरायची, गिळल्यासारखं करायची, आणि मी वळले की पदराच्या टोकात सोडायची. पदर ओला लागला तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी मी तिला नको नको ते बोलले. "मला पाप लावून जायचंय का तुला? जगानं म्हणावं, लेकीनं पाण्यावाचून मारली?"

ती शांतपणे म्हणाली, "मला लेकाच्या घरी सोड."

"तिथं? गोठ्यात?"

"हाय ते हाय. ते माझं हाय."

"आणि हे कुणाचं? मी कुणाची हाय मग?"

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, प्लास्टर काढल्यावर वाकडा राहिलेला हात. मी तो झटकला. राग तर असा की कुणावर काढावा कळेना.

फोन नवऱ्यानं केला भावाला, मला न विचारता. मी नवऱ्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. पण फोन त्यानंच करायला हवा होता, हेही मला कळत होतं. मी केला नसता, आणि माझ्या हट्टापायी माय माझ्या घरात वाळून गेली असती. भाऊ गाडी घेऊन आला. चहा घेतला. मला टोमणा मारेल असं वाटलं होतं, नाही मारला. माय निघाली तेव्हा तिनं उंबऱ्यातून नवऱ्याकडं बघून, पहिल्यांदा सरळ, हात जोडले. त्यानं मान खाली घातली. लुगड्यांचं गाठोडं तिनं मांडीवर घेतलं, मशीनमधून निघालेली लुगडी, स्वच्छ, साबणाच्या वासाची.

पाऊस सुरू झाल्यावर मी भेटायला गेले. भावजय ओट्यावर शेंगा फोडत होती, म्हणाली, "मागं हायेत." मागं म्हणजे पत्र्याची खोली. दाराबाहेरच मला वास आला. माय बाजेवर होती, अंगाखालचं लुगडं ओलं, कधीचं ते देव जाणे. कंबरेला जखम झालेली, तिच्यावर माशा. एक ओलं लुगडं कोपऱ्यात तसंच पडलेलं, वाळून कडक झालेलं. मी डोळ्याला पदर लावला नाही. रडायची सोय नव्हती. आधी तिला पुसून काढली, जखमेला हळद लावली, गाठोड्यातलं शेवटचं धुतलेलं लुगडं नेसवलं. खाली फडकी घातली. मग ओली लुगडी गोळा करून माझ्या पिशवीत कोंबायला लागले.

"मी नेते ही," म्हणलं. "मशीनला लावून आणून देते. दर आठवड्याला येत जाईन. पाव्हणे हात लावायचे नाहीत, माझी शपथ."

मायनं पिशवीतून लोंबणारा लुगड्याचा काठ धरला. त्या वाकड्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. "राहू दे. तुमच्याकडं पाणी नाय. सून धुईल."

"कवा धुईल?"

"धुईल तवा धुईल. लेकाची बायकू हाय."

ती काठ सोडेना. मी पिशवी रिकामी केली. बाहेर भावजयीच्या शेंगा फुटत होत्या, तिला सगळं ऐकू जात असणार. मी बाजेच्या कडेला बसून राहिले. माझं एवढं सगळं, ती पारख, ते दुकान, नवऱ्याच्या त्या बादल्या, काय झालं त्याचं?

"पाणी दे जरा," माय म्हणाली.

कोपऱ्यात माठ होता. मी तांब्या भरून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि पीतच राहिली. गळ्याची शीर खालीवर होत होती. पाणी हनुवटीवरून आत्ताच नेसवलेल्या लुगड्यावर सांडत होतं, तिला त्याचं काही नव्हतं. माझ्या घरात इतके महिने राहिली, पण तिला असं पिताना मी एकदाही बघितलं नव्हतं. तांब्या रिकामा झाला तसा तिनं श्वास टाकला आणि तो माझ्यापुढं धरला.

"अजून दे," म्हणाली.

मी उठले आणि माठातून दुसरा तांब्या भरून आणला.